निष्क्रिय नेटवर्क नकाशांकन साधनांचे पॅकेजिंग

निष्क्रिय नेटवर्क नकाशांकन साधनांचे पॅकेजिंग म्हणजे संगणक जाळ्यात स्वतः कोणताही संदेश न पाठवता, केवळ वाहती माहिती ऐकून त्या जाळ्यातील उपकरणांची यादी आणि त्यांचे परस्परसंबंध मांडणाऱ्या सॉफ्टवेअरला मुक्त सॉफ्टवेअर वितरणात समाविष्ट करण्यायोग्य रूप देण्याची प्रक्रिया होय. डेबियन, फेडोरा, काली लिनक्स यांसारख्या वितरणांमध्ये हे काम बव्हंशी स्वयंसेवक करतात. अशी साधने जाळ्यावरील इतरांची माहिती वाचू शकत असल्याने त्यांना संगणकाचे विशेष अधिकार द्यावे लागतात. त्यामुळे कोणते अधिकार द्यावेत, ओळखीची माहिती किती ताजी ठेवावी, परवाना खरोखर मुक्त आहे काय आणि दोष सापडल्यास दुरुस्ती कोण करणार, हे निर्णय येथे मूळ आज्ञावलीइतकेच महत्त्वाचे ठरतात.

संज्ञा

जाळ्यावरून जाणारी माहिती लहान तुकड्यांमध्ये विभागली जाते. अशा तुकड्यास पॅकेट म्हणतात. सॉफ्टवेअर, त्याची मांडणी, सूचना आणि अवलंबित्वे एकत्र बांधून तयार केलेल्या गठ्ठ्यास पॅकेज म्हणतात. दोन्ही शब्द उच्चाराने जवळचे असले तरी त्यांचा अर्थ सर्वस्वी भिन्न आहे. पॅकेजची निर्मिती व देखभाल करणाऱ्या व्यक्तीस देखभालकर्ता, तर ज्यांनी सॉफ्टवेअर मुळात लिहिले त्यांच्या उपक्रमास मूळ प्रकल्प असे म्हटले जाते.

नकाशांकनाच्या दोन पद्धती आहेत. सक्रिय पद्धतीत साधन प्रत्येक पत्त्यावर संदेश पाठवते आणि उत्तरांवरून निष्कर्ष काढते. सप्टेंबर १९९७ मध्ये गॉर्डन लायन यांनी प्रसिद्ध केलेले एनमॅप हे या पद्धतीचे सर्वाधिक परिचित उदाहरण आहे. निष्क्रिय पद्धतीत साधन स्वतः मौन पाळते आणि इतरांमधील संवादावरून अनुमान करते. सक्रिय पद्धत जलद असते, परंतु तिचा भार जाळ्यावर पडतो आणि तिची चाहूल इतरांना लागते. निष्क्रिय पद्धत संथ असते आणि जे उपकरण काहीच बोलत नाही ते तिला दिसत नाही.

कार्यपद्धती

सामान्यतः संगणकाचे नेटवर्क कार्ड स्वतःसाठी आलेलीच पॅकेटे स्वीकारते. निष्क्रिय साधन बहुधा कार्डास समोरून जाणारी सर्व पॅकेटे स्वीकारण्याच्या स्थितीत ठेवते. आधुनिक जाळ्यांत स्विच हे उपकरण प्रत्येक पॅकेट केवळ संबंधित संगणकाकडे पाठवत असल्याने एवढे पुरेसे होत नाही. म्हणून जाळ्याचा व्यवस्थापक स्विचच्या एका मुखावर इतर मुखांवरील वाहतुकीची प्रत वळवतो आणि ऐकणारे साधन त्या मुखास जोडतो.

मिळालेल्या पॅकेटांतून पुढील प्रकारची माहिती हाती येते.

पहिली माहिती कार्डाच्या भौतिक पत्त्याची. हा पत्ता ४८ बिटांचा असतो आणि त्यातील पहिले २४ बिट सामान्यतः उत्पादक कंपनी दर्शवतात. या क्रमांकांची नोंदवही आयईईई ही संस्था ठेवते.

दुसरी माहिती पॅकेटच्या आयुर्मर्यादेची. प्रत्येक पॅकेटवर एक संख्या असते आणि वाटेतील प्रत्येक राउटर ती एकाने कमी करतो. लिनक्स प्रणाली सामान्यतः ६४ पासून, तर विंडोज १२८ पासून आरंभ करते. एखाद्या पॅकेटवर ५७ ही संख्या आढळल्यास ते बहुधा ६४ पासून निघाले असून वाटेत सात राउटर ओलांडून आले आहे, असे अनुमान निघते.

तिसरी माहिती संवाद आरंभ करण्याच्या शैलीची. टीसीपी जोडणीच्या पहिल्या पॅकेटात कोणते पर्याय कोणत्या क्रमाने येतात, एका वेळी किती माहिती स्वीकारण्याची तयारी दर्शवली जाते, यात प्रणालीपरत्वे फरक असतो. हस्ताक्षरावरून लेखक ओळखावा त्याप्रमाणे या फरकांवरून कार्यप्रणाली ओळखली जाते. अशा वैशिष्ट्यांच्या नोंदीस ठसा आणि नोंदींच्या संग्रहास ठसे-सूची म्हणता येईल.

प्रमुख साधने

या क्षेत्रातील अनेक साधनांचा उगम अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेत आहे. व्हॅन जेकबसन, क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मॅककॅन यांनी तेथे १९८८ मध्ये टीसीपीडंप हे साधन लिहिले. त्यातील पॅकेट पकडण्याचा भाग पुढे लिबपीकॅप या स्वतंत्र ग्रंथालयात रूपांतरित झाला. आजची बहुतेक निष्क्रिय साधने याच ग्रंथालयावर उभी आहेत. त्याच प्रयोगशाळेत तयार झालेले आर्पवॉच हे साधन स्थानिक जाळ्यातील भौतिक पत्ता व आयपी पत्ता यांच्या जोड्यांची नोंद ठेवते. नवे उपकरण आल्यास किंवा जोडी बदलल्यास ते व्यवस्थापकास ईमेलने कळवते. व्हर्न पॅक्सन यांनी १९९५ मध्ये सुरू केलेला ब्रो हा प्रकल्पही तेथलाच असून २०१८ मध्ये त्याचे झीक असे नामांतर झाले.

पोलिश सुरक्षा संशोधक मिखाल झालेव्स्की यांनी लिहिलेले पी-झीरो-एफ हे साधन केवळ ठशांवरून कार्यप्रणाली ओळखण्यासाठी प्रसिद्ध आहे. २०१२ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती नव्याने लिहिली गेली. प्रॅड्स हे साधन उपकरणांबरोबर त्यांवरील सेवांचीही यादी करते. इथरएप जाळ्यातील संवाद चित्ररूपात दाखवते. नेटडिस्कव्हर मुख्यतः सक्रिय साधन असले तरी त्यात केवळ ऐकण्याचाही पर्याय आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये औद्योगिक जाळ्यांसाठीचे ग्रासमार्लिन हे साधन मुक्त स्रोत म्हणून प्रसिद्ध केले. पुढे त्या संस्थेने त्याची देखभाल थांबवली.

पॅकेजिंगची प्रक्रिया

इयान मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये सुरू केलेल्या डेबियन प्रकल्पात पॅकेज कसे असावे यासंबंधी लिखित धोरण आहे. पॅकेजच्या स्रोतात एक स्वतंत्र निर्देशिका असते. तिच्यातील एका फाइलमध्ये पॅकेजचे नाव, वर्णन व अवलंबित्वे, दुसरीत बदलांचा इतिहास, तिसरीत स्वामित्वहक्क व परवाने आणि चौथीत बांधणीच्या सूचना असतात. फेडोरामध्ये हीच माहिती प्रामुख्याने स्पेक या एका फाइलमध्ये लिहिली जाते. तयार झालेले पॅकेज लिंटियन या आज्ञावलीकडून तपासले जाते. डेबियनमध्ये पूर्णतः नवे पॅकेज आल्यास संग्रहाची व्यवस्था पाहणारा गट त्याचे परवाने तपासून मान्यता देतो.

डेबियनमध्ये सुरक्षाविषयक साधनांच्या पॅकेजिंगसाठी एक स्वतंत्र गट कार्यरत आहे. मार्च २०१३ मध्ये आरंभ झालेले काली लिनक्स हे डेबियनवर आधारित असून कालीसाठी तयार झालेली अनेक पॅकेजे या गटामार्फत डेबियनमध्ये आली आहेत. एकाच साधनावर दोन ठिकाणी स्वतंत्र श्रम होऊ नयेत, हा त्यामागील हेतू आहे.

पॅकेज बांधताना इंटरनेटवरून काहीही उतरवून घेण्यास डेबियनच्या धोरणानुसार मनाई आहे. लागणारे प्रत्येक ग्रंथालय वितरणात आधीपासून स्वतंत्र पॅकेज म्हणून असावे लागते. सी भाषेतील लहान साधनांना ही अट जड जात नाही. जावा भाषेतील साधने मात्र बहुधा अनेक तयार ग्रंथालये सोबत घेऊन येतात. त्यातील प्रत्येकाचा स्रोत, परवाना आणि आवृत्ती शोधून वेगळे पॅकेज करावे लागते. या श्रमामुळे काही उपयुक्त साधने अधिकृत संग्रहाबाहेर राहतात आणि वापरकर्ते ती अन्य ठिकाणांहून तपासणीविना घेतात.

अधिकारांचा प्रश्न

जाळ्यावरील कच्ची पॅकेटे वाचण्यासाठी लिनक्समध्ये सर्वाधिकारी वापरकर्त्याचे किंवा त्यासाठी नेमून दिलेले विशेष अधिकार लागतात. दुसऱ्या बाजूस, ही साधने अनोळखी संगणकांनी पाठवलेली माहिती वाचत असतात. वाचणाऱ्या आज्ञावलीत दोष असल्यास मुद्दाम घडवलेले एखादे पॅकेट तिच्यावर ताबा मिळवू शकते. सप्टेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टीसीपीडंपच्या ४.९.२ या आवृत्तीत सुमारे ९० सुरक्षादोष एकाच वेळी दुरुस्त करावे लागले. ऐकणारा केवळ ऐकतो, म्हणून तो सुरक्षित असतो, हा समज त्यामुळे टिकत नाही.

यावर वितरणांनी काही उपाय रूढ केले आहेत. पहिला उपाय म्हणजे पॅकेटे पकडण्याचे मुख उघडल्यानंतर साधनाने सर्वाधिकार सोडून मर्यादित वापरकर्त्याच्या नावे चालणे. आर्पवॉचच्या मूळ जुन्या आवृत्तीत नसलेली ही सोय वितरणांच्या देखभालकर्त्यांनी स्वतःच्या दुरुस्त्यांद्वारे जोडली. दुसरा उपाय म्हणजे काम दोन भागांत विभागणे. वायरशार्कमध्ये पॅकेटे पकडणारा लहान भाग वेगळा असून अधिकार त्यालाच दिले जातात. डेबियनमध्ये हे पॅकेज सामान्य वापरकर्त्यांना पॅकेटे पकडू द्यावीत काय, असा प्रश्न विचारते आणि त्याचे पूर्वनिर्धारित उत्तर नकारार्थी असते. होकार दिल्यास एका विशिष्ट गटातील सदस्यांनाच ती मुभा मिळते. तिसरा उपाय ॲपआर्मरसारख्या कुंपणाचा आहे. त्यामुळे साधनाला ठरवून दिलेल्या फाइलींपलीकडे हात घालता येत नाही. २०१९ मधील डेबियन १० पासून ॲपआर्मर मूळ मांडणीतच कार्यान्वित असते.

सेवा आपोआप सुरू व्हावी की नाही, हाही निर्णय महत्त्वाचा आहे. डेबियनमध्ये पार्श्वभूमीवर चालणारी सेवा स्थापनेनंतर सुरू होण्याची प्रथा आहे, तर फेडोरामध्ये ती साधारणतः व्यवस्थापकाने सुरू करावयाची असते. ऐकणाऱ्या साधनांच्या बाबतीत दुसरी रीत अधिक सुरक्षित ठरते, कारण कोणत्या जाळ्यावर ऐकावयाचे हे व्यवस्थापकाने जाणीवपूर्वक ठरवणे आवश्यक असते.

नोंदींचे जतन हा याच प्रश्नाचा पुढील भाग आहे. कोणते उपकरण केव्हा जोडले गेले याची नोंद पुष्कळदा त्या उपकरणाच्या मालकाच्या दिनक्रमाचीही नोंद असते. म्हणून नोंदींची निर्देशिका इतर वापरकर्त्यांना वाचता येऊ नये आणि जुन्या नोंदी ठरावीक काळाने निघून जाव्यात, अशी व्यवस्था पॅकेजमध्ये केली जाते. डेबियनमध्ये पॅकेज साधेपणाने काढल्यास मांडणीच्या फाइली शिल्लक राहतात आणि समूळ काढल्यास मांडणी व नोंदी दोन्ही पुसल्या जातात.

ठसे-सूचींचे वार्धक्य

निष्क्रिय साधनाची आज्ञावली निर्दोष असली तरी ठसे-सूची जुनी झाल्यास त्याची उत्तरे चुकू लागतात. पी-झीरो-एफची ३.०९बी ही २०१६ मधील आवृत्ती वितरणांमध्ये दीर्घकाळ राहिली. त्यानंतर आलेल्या कार्यप्रणाली तिच्या सूचीत नसल्याने साधन त्यांना अनोळखी ठरवते किंवा जवळच्या जुन्या प्रणालीचे नाव देते. यांपैकी दुसरी चूक अधिक घातक असते, कारण ती उत्तरासारखी दिसते.

डेबियनची स्थिर आवृत्ती साधारणतः दोन वर्षांनी येते आणि मधल्या काळात तिच्यात नव्या आवृत्त्या सहसा घेतल्या जात नाहीत. विषाणू-ओळख किंवा कालविभाग यांसारख्या लवकर जुन्या होणाऱ्या माहितीसाठी मात्र स्थिर आवृत्तीतही अद्यतनांचा वेगळा मार्ग ठेवलेला आहे. उत्पादकांच्या क्रमांकांची आयईईईची सूची डेबियनमध्ये स्वतंत्र पॅकेजच्या रूपाने मिळते, त्यामुळे प्रत्येक साधनाने तिची वेगळी व वेगवेगळ्या वयाची प्रत बाळगण्याचे कारण उरत नाही. माहिती आणि आज्ञावली यांची अशी फारकत हा या क्षेत्रातील पॅकेजिंगचा एक मान्य संकेत आहे.

काही बदल मात्र सूची ताजी ठेवूनही भरून निघत नाहीत. २०१९ मधील अँड्रॉइड १० आणि २०२० मधील आयओएस १४ पासून मोबाइल फोन वायफाय जाळ्यांवर मूळ पत्त्याऐवजी यादृच्छिक भौतिक पत्ता वापरू लागले. अशा पत्त्यावरून उत्पादक कळत नाही. षोडशमान पद्धतीने लिहिलेल्या पत्त्यातील दुसरे चिन्ह २, ६, ए किंवा ई असल्यास तो पत्ता उत्पादकाने दिलेला नसून स्थानिकरीत्या ठरवलेला आहे, एवढेच सांगता येते.

परवाने

डेबियनने १९९७ मध्ये स्वीकारलेल्या मुक्त सॉफ्टवेअर मार्गदर्शक तत्त्वांनुसार सॉफ्टवेअरचा परवाना कोणत्याही कार्यक्षेत्राबाबत भेदभाव करणारा नसावा. १९९८ मधील मुक्त स्रोत व्याख्या याच तत्त्वांवरून तयार झाली. नकाशांकन साधनांमध्ये ठसे-सूचीचा आणि ठसे घेण्याच्या पद्धतीचा परवाना आज्ञावलीपेक्षा वेगळा असू शकतो, म्हणून देखभालकर्त्यास त्यांची स्वतंत्र तपासणी करावी लागते.

याचे एक उदाहरण कूटबद्ध जोडण्यांच्या ठशांचे आहे. सेल्सफोर्स कंपनीतील संशोधकांनी २०१७ मध्ये जेए-३ ही पद्धत मुक्त परवान्याने प्रसिद्ध केली. २०२३ मध्ये आलेल्या जेए-४ कुलातील मूळ पद्धत बीएसडी परवान्याखाली आहे. त्याच कुलातील अन्य पद्धती मात्र व्यावसायिक वापरावर मर्यादा घालणाऱ्या वेगळ्या परवान्याखाली आहेत. अशी मर्यादा वरील तत्त्वांशी जुळत नाही. एनमॅपने २०२० मध्ये परवाना बदलल्यावरही अनेक वितरणांमध्ये त्याच्या मुक्ततेविषयी चर्चा झाली.

औद्योगिक जाळी

कारखान्यांतील यंत्रे चालवणारे प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलर, अर्थात पीएलसी, हे अनपेक्षित संदेश हाताळण्यासाठी बनवलेले नसतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या औद्योगिक नियंत्रण प्रणालींवरील मार्गदर्शिकेत अशा दोन घटनांची नोंद आहे. एका ठिकाणी जाळ्यातील उपकरणे शोधण्यासाठी पाठवलेल्या साध्या संदेशांमुळे नऊ फूट लांबीचा यांत्रिक हात अचानक १८० अंशांत फिरला. दुसऱ्या ठिकाणी अशाच शोधामुळे अर्धसंवाहक निर्मितीची यंत्रणा ठप्प होऊन ५०,००० डॉलर किमतीच्या चकत्या वाया गेल्या. त्यामुळे चालू कारखान्यात निष्क्रिय पद्धतीस प्राधान्य दिले जाते.

नाशिकसारख्या औद्योगिक शहराच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहती, एकलहरे येथील औष्णिक विद्युत केंद्र, नाशिक रोड येथील चलार्थ पत्र मुद्रणालय आणि ओझर येथील विमान कारखाना यांमुळे जिल्ह्यात यंत्रनियंत्रणाशी संबंधित कामे मोठ्या प्रमाणावर आहेत. मोठ्या आस्थापना जाळ्याच्या निरीक्षणासाठी महागडी व्यावसायिक उत्पादने घेऊ शकतात. लघुउद्योगास मात्र आपल्या जाळ्यात नेमके काय जोडलेले आहे, हे विनामूल्य जाणून घेण्याचा मार्ग वितरणातील पॅकेजांमुळे उपलब्ध होतो. जुना संगणक, प्रत वळवू शकणारा स्विच आणि आर्पवॉचसारखे साधन एवढ्या सामग्रीवर उपकरणांची प्राथमिक नोंदवही तयार होऊ शकते.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगर प्रदेशातील वीजपुरवठा खंडित झाला. मार्च २०२१ मध्ये राज्याच्या सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालाच्या आधारे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी घातपाताची शक्यता व्यक्त केली, तर केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मानवी चुकीचे कारण दिले. या मतभेदानंतर वीज व उद्योगांतील नियंत्रण जाळ्यांची सुरक्षितता हा महाराष्ट्रात सार्वजनिक चर्चेचा विषय झाला.

महाराष्ट्र व भारतातील मुक्त सॉफ्टवेअर कार्य

महाराष्ट्रात वितरणांशी संबंधित कार्याचे मुख्य केंद्र पुणे हे राहिले आहे. रेड हॅट कंपनीचे कार्यालय तेथे आहे. फेडोरा वापरकर्ते व विकासक यांची फडकॉन ही परिषद नोव्हेंबर २०११ मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आणि जून २०१५ मध्ये पुन्हा पुण्यातच झाली. सिंबायोसिसच्या संगणक अभ्यास संस्थेतील जीएनयूनिफाय या परिषदेने विद्यार्थ्यांना मुक्त सॉफ्टवेअरची ओळख करून दिली. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने डेबियनवर आधारित बॉस लिनक्स हे भारतीय वितरण तयार केले. डेबियनची वार्षिक जागतिक परिषद सप्टेंबर २०२३ मध्ये केरळातील कोची येथे प्रथमच भारतात भरली.

डेबियनची स्थापना मराठीतूनही करता येते. पॅकेजने विचारलेल्या प्रश्नांची भाषांतरे मूळ मजकुरापासून वेगळ्या फाइलींत ठेवली जातात, त्यामुळे आज्ञावली लिहिता न येणाऱ्या व्यक्तीसही या कामात भाग घेता येतो. अधिकार द्यावेत काय, हा प्रश्न वापरकर्त्यास स्वतःच्या भाषेत समजला तरच त्याचे उत्तर अर्थपूर्ण ठरते. या दृष्टीने भाषांतर हाही पॅकेजच्या सुरक्षिततेचा भाग आहे.

कायदेशीर बाजू

भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार संगणक किंवा जाळ्याच्या मालकाच्या अथवा प्रभारीच्या परवानगीविना त्यातील माहिती काढून घेणे भरपाईस पात्र आहे. तेच कृत्य अप्रामाणिक हेतूने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. साधन निष्क्रिय असल्याने परवानगीची आवश्यकता संपत नाही. दुसरीकडे, सर्ट-इन या राष्ट्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, कंपन्या व शासकीय संस्था यांनी आपल्या प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपणे आणि विहित प्रकारच्या सायबर घटनांची माहिती सहा तासांच्या आत कळवणे बंधनकारक आहे. जाळ्यात काय जोडलेले आहे याची नोंद नसल्यास अशा मुदतीचे पालन करणे अवघड होते.

मर्यादा

निष्क्रिय साधनाने तयार केलेला नकाशा निरीक्षणाच्या काळापुरता आणि निरीक्षणाच्या जागेपुरता सत्य असतो. महिन्यातून एकदाच बोलणारे उपकरण आठवड्याच्या निरीक्षणात निसटू शकते. कूटबद्ध संवादाच्या प्रसारामुळे पॅकेटातील मजकूर दिसेनासा झाला असून साधनांना संवादाच्या बाह्य लक्षणांवर अधिकाधिक विसंबावे लागते.

पॅकेजिंगची मर्यादा मनुष्यबळाची आहे. मूळ लेखकाने काम थांबवल्यावर दोष व जुनाट ठसे यांची जबाबदारी देखभालकर्त्यावर येते. देखभालकर्ता न राहिल्यास डेबियनमध्ये पॅकेज अनाथ म्हणून घोषित होते. कोणी स्वीकारले नाही आणि त्यात गंभीर दोष राहिले, तर ते पुढील स्थिर आवृत्तीतून वगळले जाऊ शकते. अशा अनाथ पॅकेजांची यादी सार्वजनिक असते आणि ती स्वीकारण्यासाठी कोणासही पुढे येता येते.